आढ्यावरचे राक्षस

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, क्योतो शहरात सांगितली जाणारी एक हकिगत आहे. सानजो भागातल्या एका औषध विकणाऱ्याने घर बांधलं आणि छपराच्या आढ्याच्या टोकाला राक्षसाच्या चेहऱ्याचं एक मोठं कौल बसवलं. थोड्याच दिवसांत समोरच्या घरातली बाई आजारी पडली. औषधपाणी झालं, गुण येईना. शेवटी उलगडा झाला तो असा, की औषधवाल्याच्या राक्षसाने आपल्या दारातून पिटाळलेली पीडा रस्ता ओलांडून सरळ तिच्या घरात शिरत होती. घरच्यांनी मग राक्षसांचाही काळ असलेल्या शोकीची मातीची मूर्ती भाजून घेतली आणि पुढच्या छपरावर, त्या कौलाकडे तोंड करून बसवली. बाई बरी झाली.

शोकी मूळचा चीनचा. दाट दाढी, वटारलेले डोळे, हातात तलवार. क्योतोच्या जुन्या पेठांतून चालताना मान वर केली, तर पहिल्या मजल्याच्या खालच्या छोट्या छपरावर वीत-दीड वीत उंचीचा शोकी आजही दिसतो. नवा शोकी बसवताना तो समोरच्या घरातल्या शोकीच्या डोळ्याला डोळा लावणार नाही, असा किंचित वळवून बसवायची रीत आहे. एकाने हाकललेलं दुसऱ्याच्या घरात जाऊ नये, ही शेजारधर्माची काळजी त्यामागे आहे.

या हकिगतीत रोग आहे, शेजार आहे, दैवत आहे, कौलांची भट्टी आहे आणि छपराची रचनाही आहे. यांतलं एक काढलं तरी गोष्ट उभी राहत नाही. जपानी लोककथांतल्या अद्भुत प्राण्यांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, जपानी लाकडी बांधकामावरही लिहिलं गेलं आहे. पण ही पुस्तकं ग्रंथालयात दोन वेगळ्या कपाटांत असतात. कथा गोळा करणाऱ्यांनी राक्षस टिपला, तो कुठल्या तुळईवर बसला होता हे बहुधा टिपलं नाही. वास्तू मोजणाऱ्यांनी तुळई काटेकोर मोजली आणि तिच्या टोकावरच्या प्राण्याची ‘अलंकरण’ म्हणून एका ओळीत बोळवण केली. घर बांधणाऱ्या सुताराला मात्र या दोन गोष्टी कधी वेगळ्या वाटल्या नाहीत. पुढची पानं त्या सुताराच्या बाजूने लिहिली आहेत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जपानी घरांतले, देवळांतले आणि किल्ल्यांतले हे प्राणी मन मानेल तिथे बसलेले नाहीत. लाकडी इमारतीला जिथून जिथून धोका पोहोचतो, तिथे तिथे ते आहेत: आढ्याच्या टोकाला, तुळईच्या उघड्या तोंडाशी, दारात, कोपऱ्यावर, पायाखालच्या जमिनीत, दिव्याचा उजेड न पोहोचणाऱ्या छतात. जपानी माणसाने आपल्या भीतीला जागा नेमून दिली, आणि ती जागा नेमून देण्याचं काम सुतार आणि कुंभार यांनी केलं.

आढ्यापासूनच सुरुवात करू. छपराची दोन पाखी जिथे मिळतात, तिथे कौलांच्या ओळी एकावर एक रचून आढं तयार होतं. त्याची दोन्ही टोकं उघडी राहिली तर पाऊस आत शिरतो, वासे कुजतात आणि छप्पर बसतं. ही टोकं झाकणारं कौल म्हणजे ओनिगावारा, राक्षस-कौल. बौद्ध धर्माबरोबर कौलं जपानात आली तेव्हा या जागी कमळ कोरलेलं असे. आठव्या शतकात, नारा ही राजधानी असताना, कमळाच्या जागी हिंस्र पशूचा चेहरा आला; तो कोरिया आणि चीनमार्गे आला होता. त्या चेहऱ्याला शिंगं नव्हती. आज आपण ज्याला ओनी म्हणून ओळखतो तो शिंगं असलेला, सुळे बाहेर आलेला चेहरा मध्ययुगात, मुरोमाची काळात पक्का झाला. पाणी अडवणारं कौल पीडाही अडवू लागलं, आणि मला वाटतं हा क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी व्यवहारातली गरज होती आणि तिच्यावर दैवत येऊन बसलं.

सामान्य माणसाच्या घरावर हे कौल बरंच उशिरा चढलं. जुनी कौलारू छपरं फार जड असत, त्यामुळे ती देवळांना आणि किल्ल्यांनाच परवडत. 1674 च्या सुमारास ओत्सु इथल्या निशिमुरा हानबेई याने दोन कौलांचं काम एकाच लाटेसारख्या कौलात बसवलं. छप्पर हलकं झालं, स्वस्त झालं. वारंवार पेटणाऱ्या एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, पुढे शोगुनच्या राजवटीनेच गवत आणि फळ्यांऐवजी कौलं घालायला उत्तेजन दिलं. अशा रीतीने राक्षस देवळावरून उतरून दुकानदाराच्या घरावर आला. औषधवाल्याची हकिगत एकोणिसाव्या शतकातली आहे, ती त्याआधी घडू शकली नसती.

हे कौल घडवणाऱ्याला ओनिशी म्हणतात. आइची प्रांतातलं ताकाहामा हे गाव त्यांचं मोठं केंद्र आहे. मातीच्या जाड पत्र्यातून चेहरा उभा करायचा, आतून पोकळ ठेवायचा, सुळे आणि भुवया वेगळ्या वळून चिकटवायच्या, लाकडी आणि धातूच्या पट्टीने घासून गुळगुळीत करायच्या, आणि शेवटी भट्टीत धुराचा थर देऊन तो चंदेरी करडा रंग आणायचा. माती वाळताना आणि भाजताना आकसते, म्हणून ओनिशीची मोजपट्टीच वाढीव मापाची असते. ताकाहामात कौलांचं संग्रहालय आहे आणि राक्षस-कौलं मांडलेली एक पायवाट आहे. नवी घरं बिनकौलांची होऊ लागल्यावर या कारागिरांचं काम घटलं. जुन्या देवळांच्या दुरुस्त्यांनी त्यांतल्या अनेकांना तगवून धरलं आहे.

पावसापेक्षा मोठं भय आगीचं. 1657 मध्ये एदो शहर तीन दिवस जळत होतं. पारंपरिक हिशेबाने त्यात एक लाखाच्या आसपास माणसं गेली. एदो किल्ल्याचा मुख्य मनोरा त्या आगीत पडला तो पुन्हा कधीच बांधला गेला नाही. 1788 च्या आगीत क्योतोचा मोठा भाग खाक झाला. लाकूड, कागद, गवताची चटई यांनी बनलेल्या शहरात आग विझवायला पाणी कमी पडायचं, म्हणून मग पाण्यातले प्राणीच छपरावर चढवले गेले. देवळाच्या दोन्ही पाख्यांच्या मधल्या त्रिकोणी तोंडावर, आढ्याच्या बरोबर खाली, लाकडाची एक कोरीव लोंबती पट्टी असते. तिचं नाव गेग्यो, टांगलेला मासा. तिचंही काम दुहेरी आहे. आढ्याच्या लाकडाचं कापलेलं टोक ती उन्हापावसापासून झाकते आणि मासा म्हणून आगीला दूर ठेवते. नारा इथल्या तोदाइजीच्या महाबुद्ध-मंदिरावर आढ्याच्या दोन्ही टोकांना सोनेरी शेपट्या वर वळलेल्या दिसतात, त्यांना शिबी म्हणतात. तोशोदाइजीच्या सुवर्णमंदिरावरची एक शिबी आठव्या शतकातली, म्हणजे मूळ बांधणीतली होती. 2000 ते 2009 या काळात झालेल्या दुरुस्तीत ती उतरवली आणि तिच्या जागी नवी घडवून बसवली.

या शेपटीला पुढे डोकं आलं आणि शाचिहोको जन्मला. अंग माशाचं, डोकं वाघाचं, पाठीवर काटे, शेपूट आकाशाकडे. त्याच्या पूर्वजांत आपला मकर आहे, असं कलेचे अनेक इतिहासकार मानतात. अजिंठ्याच्या दारांच्या चौकटींवर ज्या मकरावर स्त्रिया उभ्या आहेत, तोच प्राणी बौद्ध भिक्षूंच्या आणि शिल्पींच्या वाटेने चीनमध्ये गेला, तिथल्या छपरांवर चढला आणि समुद्र ओलांडून जपानी किल्ल्यांवर पोहोचला. ओदा नोबुनागाने 1579 मध्ये पुरा केलेल्या आझुची किल्ल्यापासून शाचिहोको किल्ल्यांच्या मनोऱ्यांवर रूढ झाला, असं सांगतात.

सगळ्यांत प्रसिद्ध जोडी नागोयाची. शोगुन-राजवटीचा मूळपुरुष तोकुगावा इएयासु याच्या आज्ञेने 1610 मध्ये या किल्ल्याचं काम सुरू झालं आणि 1612 मध्ये मनोरा उभा राहिला. त्यावरच्या नर-मादी शाचिहोकोंसाठी सुमारे 215 किलो शुद्ध सोन्याइतकी नाणी वितळवली होती. पुढे किल्ल्याचे धनी असलेल्या ओवारी घराण्याची तिजोरी आटली, तेव्हा तीन वेळा त्यांचे सोन्याचे पत्रे उतरवून हलक्या कसाच्या सोन्यात पुन्हा ओतले गेले. 1873 मध्ये या जोडीतला एक व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनात जाऊन आला. 14 मे 1945 च्या हवाई हल्ल्यात किल्ला जळाला. त्या दिवसांत शाचिहोको सुरक्षित जागी हलवण्यासाठी मनोऱ्याला परांची बांधलेली होती आणि आगीचे बॉम्ब त्या परांचीतच अडकले, असं नागोयात सांगितलं जातं. आगीपासून राखणाऱ्याला वाचवायला बांधलेल्या लाकडांनी आग आत नेली. ही गोष्ट मी जितक्या वेळा वाचली तितक्या वेळा थांबून राहिलो आहे. राखेत सापडलेल्या सोन्याची नंतर चहाची एक किटली घडवली गेली. 1959 मध्ये काँक्रीटचा नवा मनोरा उभारला, आणि त्याला काँक्रीट असूनही नव्या शाचिहोकोंची जोडी बसवली गेली. लोकांना तो प्राणी हवाच होता.

झेन मठांत हेच काम छतावर रंगवलेला ड्रॅगन करतो. ड्रॅगन हा पाण्याचा स्वामी. प्रवचनाच्या सभागृहात तो धर्माचा पाऊस पाडतो, आणि वेळ आली तर खरा पाऊसही पाडील ही आशा असते. क्योतोच्या शोकोकुजी मठाचं 1605 मध्ये बांधलेलं सभागृह आजही उभं आहे. तिथे कानो मित्सुनोबुने रंगवलेल्या ड्रॅगनखाली उभं राहून टाळी वाजवली की छतातून थरथरता प्रतिध्वनी येतो. केन्निनजी मठाने 2002 मध्ये, स्थापनेला 800 वर्षं झाली म्हणून, कोइझुमी जुन्साकु यांच्याकडून दोन ड्रॅगनांचं नवं छत रंगवून घेतलं. या परंपरेला जुनी म्हणताना ती थांबली असा समज होऊ नये.

आता दिशा. मराठी वाचकाला इथे थोडं अडखळायला होईल. आपल्याकडे ईशान्य ही देवघराची दिशा. जपानमध्ये ईशान्येला किमोन म्हणतात, राक्षसांचा दरवाजा. जुन्या दिशाचक्रात ही दिशा बैल आणि वाघ या दोन राशींच्या मधली, म्हणून ओनीला बैलाची शिंगं आली आणि कमरेला वाघाचं कातडं आलं, असं स्पष्टीकरण दिलं जातं. क्योतोच्या ईशान्येला हिएइ पर्वतावर एन्र्याकुजी मठ आहे. एदोची राखण करायला 1625 मध्ये उएनोच्या टेकडीवर कानएइजी बांधलं गेलं, तेही किल्ल्याच्या ईशान्येलाच. या कल्पनेचा सर्वांत लोभस पुरावा क्योतोच्या राजवाड्याच्या भिंतीत आहे. तिचा ईशान्य कोपरा आत दुमडून घेतलेला आहे, म्हणजे कोपराच उरू दिलेला नाही, आणि तिथे वळचणीखाली लाकडात कोरलेलं एक माकड बसवलं आहे. माकड ही समोरच्या, नैर्ऋत्य दिशेची रास. त्याच्यापुढे तारेची जाळी आहे, कारण रात्री ते उतरून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या खोड्या काढायचं. राखणदारालाही कोंडून ठेवावं लागतं, ही समज जपानी लोककथांत पुन्हा पुन्हा भेटते.

दारातले पहारेकरी प्रवाशांना चांगले ठाऊक असतात, म्हणून त्यांच्यावर फार थांबत नाही. तोदाइजीच्या दक्षिण महाद्वारातले, आठ मीटरहून उंच दोन द्वारपाल शिल्पकार उनकेइ, काइकेइ आणि त्यांच्या साथीदारांनी 1203 मध्ये केवळ 69 दिवसांत घडवले. त्याच दाराच्या मागच्या अंगाला 1196 मधले दगडी सिंह आहेत, ते चीनहून आलेल्या पाथरवटांचं काम. जोडीतल्या एकाचं तोंड उघडं, दुसऱ्याचं मिटलेलं असतं. सिंह जपानच्या रानात नव्हता, पण प्रत्येक गावच्या देवळापुढे तो कोमाइनु म्हणून बसला. इनारीच्या देवळात त्याच्या जागी कोल्हे आले, चिचिबुच्या मित्सुमिने देवळात लांडगे आले, क्योतोच्या एका लहान देवळात तर उंदीर आहेत. ज्या गावाला ज्याचा आधार वाटला, त्याने तो दारात बसवला.

सुतारांच्या स्वतःच्या गोष्टींकडे मात्र सावकाश जायला हवं, कारण या पुस्तकाचा जीव त्यांच्यात आहे. क्योतोच्या वायव्येला सेनबोन शाकादो नावाचं मंदिर आहे. त्याचं 1227 मध्ये बांधलेलं मुख्य सभागृह हे क्योतो शहरातलं आज उभं असलेलं सर्वांत जुनं लाकडी सभागृह समजलं जातं. कथा अशी, की प्रमुख सुतार ताकात्सुगु याने चार मुख्य खांबांपैकी एक चुकून आखूड कापला. तसलं दुसरं लाकूड मिळणारं नव्हतं. त्याची बायको ओकामे हिने सुचवलं, चारही खांब आखूड करा आणि वर हस्तांची जोड द्या. इमारत उभी राहिली. पण मोठ्या सुताराने बाईच्या सल्ल्यावर काम निभावलं हे जगाला कळलं तर त्याची अब्रू जाईल, म्हणून आढं चढवण्याच्या समारंभाआधी तिने जीव दिला. ताकात्सुगुने तिच्या चेहऱ्याचा मुखवटा करून आढ्यावर लावला. क्योतोचे सुतार अजूनही घराचं आढं चढवताना गुबगुबीत गालांच्या, हसऱ्या ओकामेचा मुखवटा लावतात. तिथे राक्षसाच्या जागी एक हुशार, मेलेली बाई घर राखते. या कथेतला अन्याय मला कधीच पचला नाही, आणि ती सांगताना ‘पतिव्रतेचा त्याग’ असा शेरा मारणाऱ्यांशी मी सहमत नाही.

कप्पा हा नदीतला कासवासारखा, डोक्यावर पाण्याची वाटी असलेला प्राणी जपानबाहेरही ओळखला जातो. त्याच्या जन्माच्या अनेक कथांपैकी एक थेट बांधकामाच्या जागेवरची आहे. हिदारी जिंगोरो या दंतकथांतल्या सुताराला मुदतीत इमारत पुरी करायची होती. मजूर कमी पडले म्हणून त्याने लाकडी बाहुल्या केल्या, त्यांच्यात जीव घातला आणि त्यांच्याकडून काम करून घेतलं. काम संपल्यावर त्या नदीत फेकून दिल्या. त्यांचे कप्पा झाले. काम संपलं की फेकून दिलेली माणसं जपानच्या इतिहासात खरीखुरी होती, आणि काही अभ्यासकांनी ही कथा नदीकाठी ढकलल्या गेलेल्या त्या मजुरांच्या अंगाने वाचली आहे. मला ते वाचन पटतं.

तिसरी गोष्ट उलट्या खांबाची. खांब उभा करताना झाडाचा बुडखा खाली आणि शेंडा वर हवा. चुकून उलटा रोवला गेला, तर तो रात्री कण्हतो, घर करकरतं, संसाराला उतरती कळा लागते. अठराव्या शतकातला चित्रकार तोरियामा सेकिएन याने या उलट्या खांबाच्या भुताचं चित्रही काढलं आहे. पण निक्कोच्या तोशोगू देवस्थानाच्या योमेइमोन दारातल्या एका खांबावरचं कोरीवकाम मुद्दाम उलटं केलेलं आहे. पूर्ण झालेली वास्तू त्याच क्षणापासून ढासळू लागते, म्हणून एक दोष ठेवून ती अपुरी राखायची, हा त्यामागचा विचार. गावातलं भूत देवस्थानात औषध होऊन आलं.

निक्कोबद्दल थोडं अधिक. इएयासुच्या समाधीचं हे देवस्थान त्याचा नातू इएमित्सुने 1636 मध्ये नव्याने बांधलं. तिथे पाच हजारांहून अधिक कोरीव आकृती आहेत, एकट्या योमेइमोनवर 508. तुळयांची टोकं जिथे खांबाबाहेर येतात तिथे सिंह आहेत, ड्रॅगन आहेत आणि बाकु आहेत. बाकुला हत्तीची सोंड आणि गेंड्याचे डोळे. तो वाईट स्वप्नं खातो हे लोकांना ठाऊक असतं, पण चिनी ग्रंथांतला बाकु लोखंड आणि तांबं खातो. युद्धात सगळं लोखंड शस्त्रांत जातं आणि बाकु उपाशी मरतो. म्हणून जिथे बाकु आहे तिथे शांतता आहे, असा अर्थ निक्कोत लावतात. शतकभराच्या लढायांनंतर आलेल्या राजवटीच्या मूळपुरुषाच्या समाधीवर तो असावा हे मला साजेसं वाटतं. वरच्या कोठारावर दोन हत्ती आहेत. त्यांची रेखाटनं कानो तान्यूने हत्ती न पाहता केली, म्हणून त्यांना कल्पनेतले हत्ती म्हणतात. त्यांच्या कानांकडे आणि शेपट्यांकडे पाहिलं की ते लगेच पटतं.

1933 च्या मे महिन्यात जर्मन वास्तुविशारद ब्रूनो टाउट जपानला पोहोचला. क्योतोजवळचा कात्सुरा प्रासाद पाहून तो भारावला, आणि निक्को पाहून त्याला वीट आला. साधी रेषा, उघडं लाकूड, रिकामी खोली हाच खरा जपान, हे मत त्याच्या लेखनाने जगभर पसरलं आणि जपानी शहाण्यांनीही ते उचललं. कात्सुरा सुंदरच आहे. पण त्या एका मतामुळे छपरावरच्या, तुळयांवरच्या या सगळ्या मंडळींना अभिरुचीहीन ठरवून बाहेर काढलं गेलं, आणि ते चूक होतं. जी खोली टाउटला रिकामी दिसली ती तिथे राहणाऱ्यांना रिकामी नव्हती.

त्या खोलीत कोण कोण होतं हे सेकिएनने दाखवलं. 1776 मध्ये त्याचा पहिला चित्रसंग्रह आला आणि पुढच्या आठ वर्षांत आणखी तीन. त्यांत दोनशेहून अधिक योकाइ, म्हणजे अद्भुत प्राणी आणि भुतं, आहेत, आणि त्यांतले कितीतरी घरातले आहेत. रात्री लाकूड आवळतं-सैलावतं तेव्हा जो आवाज होतो, तो घर हलवणाऱ्या छोट्या राक्षसांचा. उंच छतावरचे डाग लांब जिभेच्या छत-चाट्याने केलेले. न्हाणीघरातला मळ चाटणारा निराळा. फाटक्या कागदी सरकदारांच्या चौकोनाचौकोनांत डोळे उघडतात. झोपलेल्याची उशी कुणीतरी पायथ्याशी नेऊन ठेवतं. यांतले काही सेकिएनच्याच कल्पनेतून आले असावेत, पण प्रत्येकाला घरातली एक विशिष्ट जागा आहे. टाकून दिलेल्या भांड्या-अवजारांना शंभर वर्षांनी जीव फुटतो, ही कल्पना त्याच्याही आधीची, मध्ययुगीन चित्रगुंडाळ्यांतली. वर्षाअखेरीस काजळी झाडून जुन्या वस्तू घराबाहेर काढायची प्रथा त्या कथेच्या मुळाशी आहे.

ईशान्य जपानातल्या तोनो या डोंगराळ मुलखातल्या कथा लोककथांचा अभ्यासक यानागिता कुनिओ याने सासाकी किझेनकडून ऐकून 1910 मध्ये छापल्या, अवघ्या 350 प्रती. त्यांत झाशिकी-वाराशी आहे, बैठकीच्या खोलीत राहणारं अदृश्य मूल. ते आहे तोवर घर भरभराटीला. यामागुची गावच्या एका श्रीमंत घरातून दोन अनोळखी मुली निघून जाताना एका गावकऱ्याला पुलाजवळ दिसल्या, आणि थोड्याच काळात त्या घरातली वीसेक माणसं विषारी अळंबी खाऊन मेली. खेळायला बाहेर गेलेली सात वर्षांची एक मुलगी तेवढी उरली. तोनोची जुनी घरं काटकोनात वळलेली असतात, एका भुजेत माणसं आणि दुसरीत घोडे, एकाच छपराखाली. शेतकऱ्याची मुलगी घोड्याच्या प्रेमात पडते आणि त्याच्यासोबत आकाशात जाते ही ओशिरासामा या घरदैवताची कथा तिथे का सांगितली गेली, हे घराचा नकाशा पाहिला की वेगळं समजवावं लागत नाही. यानागिताच्या आधी तत्त्वज्ञ इनोउए एन्र्यो यांनी योकाइ म्हणजे अज्ञान असं मानून आयुष्यभर त्यांचा समाचार घेतला. गंमत म्हणजे त्यांनी खोडून काढण्यासाठी जमवलेली सामग्री आज याच विषयाच्या अभ्यासकांना उपयोगी पडते.

जमिनीखालच्या प्राण्याचा उल्लेख राहिला. भूकंप होतो तो मातीतल्या अजस्र मागूर माशामुळे, आणि काशिमाचा देव त्याला एका दगडाने दाबून ठेवतो. 1855 चा एदोचा भूकंप जुन्या दहाव्या महिन्यात झाला, जेव्हा सगळे देव इझुमोला गेलेले असतात. त्यानंतर शहरात माशाची शेकडो छापील चित्रं विकली गेली. काहींत लोक माशाला बडवताहेत, आणि काहींत सुतार, गवंडी आणि कौलं शाकारणारे त्याचे आभार मानताहेत, कारण पडलेलं शहर पुन्हा बांधण्याचं काम त्यांना मिळालं होतं. घर बांधणाऱ्यांचं आणि या प्राण्यांचं नातं इतक्या खरेपणाने दुसरीकडे कुठे दिसत नाही.

टाउट कात्सुराची स्तुती लिहीत होता त्याच काळात टोकियोत वास्तुविशारद इतो चूता त्सुकिजी होंगानजीचं बांधकाम करत होता. जुनं मंदिर 1923 च्या भूकंपानंतरच्या आगीत गेलं होतं. इतो 1902 ते 1905 चीन, भारत, तुर्कस्तान असा फिरून आला होता, आणि त्याला योकाइंचं वेड होतं. त्याने त्यांची असंख्य चित्रं काढली. 1934 मध्ये पुऱ्या झालेल्या त्याच्या मंदिराचं दर्शनी तोंड अजिंठा-कार्ल्याच्या चैत्यगवाक्षाची आठवण देतं, आणि आत जिन्यांच्या कठड्यांवर हत्ती, माकडं, सिंह, पक्षी बसले आहेत. काँक्रीटच्या इमारतीतही या मंडळींना जागा देता येते, हे त्याने दाखवून दिलं.

ही जागा आज वेगाने जाते आहे. क्योतोत 2016 च्या पाहणीत सुमारे 40,000 जुनी लाकडी घरं उरली होती. त्याआधीच्या सात वर्षांत 5,000 हून अधिक पाडली गेली. घराबरोबर शोकी जातो, ओकामे जाते, छत-चाट्याही जातो. पुस्तकातली चित्रं त्यांची जागा घेऊ शकत नाहीत.

जपानला जाणाऱ्या मराठी वाचकांना म्हणून एक विनंती. टोकियो आणि क्योतोच्या कार्यक्रमातून वेळ काढून एक दिवस ओकायामासाठी ठेवा. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे बाग ज्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केली आहे, ती तिथे आहे. पण बाग पाहून परतू नका. लोकल गाडीने जवळच्या किबित्सु देवस्थानाला जा. त्याची 1425 मध्ये पुरी झालेली, जोडछपरी मुख्य वास्तू अख्ख्या जपानात वेगळी आहे. तिथल्या देवाने उरा नावाच्या राक्षसाला मारलं. उराचा म्हणून दाखवला जाणारा गड शेजारच्या डोंगरावर आहे आणि तो सातव्या शतकातला खराखुरा दगडी तटाचा किल्ला आहे. मारल्यावरही उराचं डोकं ओरडत राहिलं, म्हणून ते देवळाच्या स्वयंपाकघरात चुलीखाली पुरलं. आज त्या चुलीवरच्या कढईत तांदूळ वाफवतात तेव्हा ती घुमते, आणि त्या आवाजावरून शुभाशुभ ठरवतात. कोणी भाष्य करत नाही. आवाज ऐकणाऱ्याने अर्थ आपला आपण लावायचा असतो. शुक्रवारी हा विधी होत नाही, तेवढं पाहून जा.